शाळकरी मुलांसाठी जुन्या ट्रॅक्टरची स्पर्धा : आपल्या तालुक्यात घ्यायची का?

शिवारफेरी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

नोकरी भोसरीला, बिऱ्हाड मोशीला आणि गाव खेड तालुक्यात. शनिवार-रविवार मी गावी असतो. गेल्या जूनपासून यंदाच्या मार्चपर्यंतचे बहुतेक शनिवार-रविवार आमच्या शाळेतल्या नववी ते अकरावीच्या सात मुलामुलींबरोबर एका बंद ट्रॅक्टरपाशी गेले. त्या कामाची हकिगत सांगायची आहे आणि त्यातून सुचलेली एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. लांबण लागेल, तरी पूर्ण वाचा ही विनंती.

आधी हे डोक्यात आलं कुठून ते सांगतो. अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांसाठी जुने ट्रॅक्टर पुन्हा उभे करण्याच्या स्पर्धा होतात. तिथे एफएफए नावाची शेतीशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना आहे, १९२८ साली कॅन्सस सिटीत सुरू झालेली. निळं कॉर्डरॉयचं जॅकेट ही त्या मुलांची ओळख. शेव्हरॉन या तेल कंपनीने आपल्या 'डेलो' या इंजिन ऑइलच्या नावाने अशी स्पर्धा बरीच वर्षं चालवली आणि अंतिम फेरी एफएफएच्या राष्ट्रीय अधिवेशनात घेतली. मुलं एकटी किंवा गटाने उतरायची. ट्रॅक्टर शोधायचा, पैसे उभे करायचे, खोलायचा, जोडायचा आणि हे करताना एक वही ठेवायची. काय सापडलं, काय केलं, किती खर्च आला, सगळं फोटोंसकट. शेवटी परीक्षकांपुढे उभं राहून स्वतःच्या कामाबद्दल बोलायचं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी नजर चकचकीत ट्रॅक्टरांच्या फोटोंवरच होती. काम सुरू केल्यावर कळलं की सगळा जीव त्या वहीत आहे.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे महिंद्राचा इंटरनॅशनल बी-२७५. इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ पासून कांदिवलीहून हे ट्रॅक्टर निघायला लागले. वस्तीवरच्या आप्पांनी आमचा हा भूविकास बँकेचं कर्ज काढून घेतलेला. गावातला पहिला. नंतर नवीन ट्रॅक्टर आला आणि हा बारा वर्षं चिंचेखाली उभा राहिला. भंगारवाला दोनदा येऊन भाव करून गेला, पण आप्पांनी दिला नाही.

इंजिन जाम होतं. पूर्वी ट्रॅक्टर उभा केला की सायलेन्सरच्या तोंडावर डबा उलटा घालायचे. तो डबा कधीतरी वाऱ्याने उडाला आणि परत कुणी घातला नाही. आमच्या मिस्त्रींनी (वय ७२, चाकण पट्ट्यात ट्रॅक्टर दुरुस्तीत उभा जन्म गेलेला माणूस) हेड खोलायच्या आधीच सांगितलं, "चारातलं एकच धरलं असंल. ज्याचा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यातच पाणी उतरतं." नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून आत काडी घातली, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचा चिखल. त्यात डिझेल आणि रॉकेल ओतून ठेवलं. रोज शाळा सुटल्यावर एक जण सायकलचा स्पोक आत सोडून तेल किती उतरलं ते मोजायचा. त्या दिवसांतल्या वहीच्या ओळी अशा आहेत : "आज २ मिमी." "आज काही नाही." "आज काही नाही. पाऊस होता, बोळा घट्ट केला." बाराव्या दिवशी वरच्या गिअरमध्ये घालून सगळ्यांनी ट्रॅक्टर पुढेमागे हलवला आणि पंख्याचं पातं दोन बोटं सरकलं. एवढंच. पण त्या वेळचे पोरांचे चेहरे मी विसरणार नाही.

हेड उतरवल्यावर मिस्त्रींनी प्रत्येकाला लाईनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) वरच्या काठाखाली नख फिरवायला लावलं. झिजलेल्या लाईनरला तिथे कड लागते, कारण रिंग जिथपर्यंत चढते तिथपर्यंतच तो झिजतो. मग मोजमाप. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५.७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) १०१.६. दहावीच्या मुलीने तिथेच जमिनीवर काटकीने गणित मांडलं : पाय (π), त्रिज्येचा वर्ग, उंची, गुणिले चार. २,३४५ घन सेंटिमीटर, म्हणजे साधारण १४३ घन इंच. हे इंजिन 'बीडी-१४४' म्हणून ओळखलं जातं हे मी तिला तेव्हा सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे नावातच उत्तर होतं." महत्त्वमापनाचा धडा तिला पुन्हा शिकवावा लागला नाही.

फेब्रुवारीत ट्रॅक्टर चालू झाला. पहिल्यांदा पांढरा धूर, मग काळा, मग साफ.

आता प्रस्ताव. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर या चार तालुक्यांतल्या शाळांसाठी अशी स्पर्धा सुरू करावी. आठवी ते बारावी, गटात चार ते आठ मुलं, जूनमध्ये नोंदणी, मार्चअखेर पाहणी. माझा एकच हट्ट आहे. १०० पैकी ४० गुण वहीला, ३० यांत्रिक कामाला, २० तोंडी प्रश्नांना आणि रंगाला फक्त १०. रंगाला जास्त गुण ठेवले तर पालक पैसे टाकून गॅरेजमधून ट्रॅक्टर रंगवून आणतील आणि मुलं शेजारी फोटोपुरती उभी राहतील. वही अशी विकत आणता येत नाही.

तुमचं मत सांगा.

पुणेरीवाट

अतिशय सुंदर लेख. सायकलच्या स्पोकने तेल मोजणाऱ्या मुलांना माझा नमस्कार सांगा. फोटो टाका ना! आणि खर्चाचं स्पष्ट लिहा, कारण कुठल्याही शाळेत पहिला प्रश्न तोच येईल. तुमच्या वहीतला आकडा द्या.

शिवारफेरी

@पुणेरीवाट, आकडा देतो. एकूण ५२,३०० रुपये. लाईनर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यातच निम्म्याच्या आसपास गेले. पंप आणि नोझल बाहेर कॅलिब्रेशनला दिले, ते काम टेस्ट बेंचवरच व्हायला हवं. टायर बदलले नाहीत. मागच्या टायरांना भेगा आहेत, पण हवा धरतात, आणि नवी जोडी घेतली असती तर हिशोबच कोलमडला असता. वहीत तसं लिहिलं आहे : "टायर जुनेच. कारण पैसे." परीक्षकाला ही ओळ दिसली पाहिजे असं मला वाटतं.

पैसे कुठून आले? आप्पांनी वीस हजार दिले. बाकी मुलांनी गावात फिरून जमवले. दोन मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत कांद्याच्या रोपांच्या लावणीला जाऊन मजुरी आणली. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. बेअरिंगा रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणल्या, आणि डायनामोचा पट्टा ताणायची मूळ पट्टी बुधवारच्या जुन्या बाजारात सापडली. ती पट्टी हातात धरून एक पोरगं शिवाजीनगरपासून गावापर्यंत एसटीत उभं राहून आलं, बसायला जागा असताना.

फोटोंत मुलांचे चेहरे आहेत, त्यामुळे पालकांना विचारल्याशिवाय टाकणार नाही. ट्रॅक्टरचे टाकतो.

टॅपेट

मी इंजिनांच्या धंद्यात ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. प्रस्तावाला मनापासून अनुमोदन, पण एक भर घालतो. प्रत्येक गावात शाळेला ट्रॅक्टर मिळेलच असं नाही. मिळाला तरी आठवीच्या मुलाला एकदम दोन टनांच्या वस्तूखाली घालू नये. त्याऐवजी ऑइल इंजिनांचा एक वेगळा गट ठेवा.

आपल्याकडे विहिरीवर मोटार येण्याआधी पाणी ओढायची इंजिनं घरोघरी होती. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली इथेच, खडकीला सुरू झाली. त्यांचं एव्ही-१ म्हणजे एक सिलिंडर, ५ अश्वशक्ती, मिनिटाला १,५०० फेरे, बोअर ८०, स्ट्रोक ११०. खोलून जोडून मुलांना दोन महिन्यांत पूर्ण कळतं. आणि अशी इंजिनं आजही पडक्या इंजिनघरांत मुबलक पडून आहेत.

एक सूचना मात्र ठळक अक्षरांत छापून घ्या. हँडल मारताना अंगठा मुठीत गुंडाळायचा नाही. चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला की गुंडाळलेला अंगठा मोडतो. मी असे मोडलेले अंगठे पाहिले आहेत.

रानजाई

मी एका नववीतल्या मुलाची आई आहे आणि व्यवसायाने परिचारिका. कल्पना मला फार आवडली. म्हणूनच सुरक्षेबद्दल जरा सविस्तर विचारते.

जुना रंग कसा काढला? पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. कोरडा घासला की ती धूळ श्वासावाटे जाते, कपड्यांवरून घरात येते आणि घरातल्या लहान भावंडांपर्यंत पोहोचते. वाळूचा मारा करून गंज काढणं तर मुलांच्या जवळपासही नको. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही.

दुसरं, नोझलचा फवारा. दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, माणूस दुर्लक्ष करतो आणि दोन दिवसांनी हात कापायची वेळ येते. अशी जखम घेऊन आलेला पेशंट मी एकदा पाहिला आहे. नोझल तपासताना मुलं कुठे होती?

तिसरं, ट्रॅक्टर चालवायचं काय? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. मूल अल्पवयीन असेल तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गावाकडे बारा वर्षांची मुलं सर्रास ट्रॅक्टर चालवतात हे मला माहीत आहे, पण शाळेच्या नावाखाली हे होता कामा नये.

शिवारफेरी

रानजाईताई, तुमचा प्रतिसाद स्पर्धेच्या नियमावलीत जसाच्या तसा घ्यावा असा आहे.

रंग आम्ही ओला करून पाणपेपरने घासला. ही अक्कल मात्र मला पहिल्या दिवशी नव्हती. पहिल्या रविवारी मी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून एका मुलाच्या हातात दिला. त्याने उत्साहात डॅशबोर्डच्या बाजूची, कारखान्याचा क्रमांक असलेली नंबरपट्टीच घासून काढली. शेवटचे तीन आकडे गेले. फोटो काढलेला नव्हता. तो मुलगा आठवडाभर आला नाही. मी त्याच्या घरी गेलो आणि सांगितलं की चूक माझी आहे, कुठल्याही गोष्टीला हात लावायच्या आधी तिचा फोटो काढायचा हे तुला मी सांगायला हवं होतं. पुढे आरसी बुकावरून पूर्ण नंबर मिळाला, पण त्या पट्टीवरचे आकडे गेले ते गेलेच. वहीच्या पहिल्या पानावर आता त्याच मुलाच्या अक्षरात लिहिलं आहे : "आधी फोटो. मग फडकं. मग पान्हा."

नोझल मुलांपुढे तपासलेच नाहीत, ते बेंचवर गेले होते. डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढताना मुलं दोन पावलं मागे होती. फक्त जॅकवर कुणीही खाली शिरायचं नाही. खाली लाकडी ठोकळे आणि घोडी लावल्याशिवाय मिस्त्री पान्हाच देत नसत. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारं फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेरे फिरतो, सदऱ्याची बाही त्यात गेली तर माणसाला हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून त्यावर टोपण बसवल्याखेरीज इंजिन सुरू करायचं नाही असा नियम केला. चालवण्याबद्दल एकदम सहमत. आमच्या मुलांपैकी कुणीही ट्रॅक्टर चालवला नाही. पहिल्यांदा आप्पांनीच चालवला, शाळेच्या मैदानाला एक चक्कर.

दोन_पिस्टन

आमच्या घरी एचएमटी झेटर २५११ होता. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी करार करून एचएमटीने १९७१ साली पिंजोरला हे ट्रॅक्टर बनवायला घेतले. दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. त्याचा आवाज ऐकून आजी सांगायची की आजोबा ओढ्यापर्यंत आले, चहा टाका. २०१६ साली सरकारने पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय घेतला, त्यामुळे आता जे उरलेत तेवढेच.

माझा मुद्दा वेगळा आहे. स्पर्धेत ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला तसाच उभा करावा असा नियम हवा. नाहीतर लोक बोनेटवर झेंडे, मडगार्डला लाईटच्या माळा आणि एलईडी लावून आणतील. रंग मूळचा, डायनामो मूळचा, दिवे मूळचे. तुमच्या फोटोत बोनेटवर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' दिसतंय. ते कारखान्यातून आलेलं नाही. ते का ठेवलं?

शिवारफेरी

या प्रश्नावर आमच्याकडे तीन रविवार वाद झाला. तो सांगतोच.

बोनेट घासायला घेतलं तेव्हा वरच्या दोन थरांखाली ही अक्षरं निघाली. आप्पांना विचारलं. ट्रॅक्टर घरी आला त्या आठवड्यात आळंदीहून एक पेंटर बोलावला होता, त्याने हाताने काढलेली. 'प्रसन्न'मधल्या न्नची शेपटी पुढे नेऊन तिचं कमळ केलं आहे. आप्पांच्या आईने त्याला पुरणपोळी जेवायला घातली होती एवढंच आप्पांना आठवतं. पेंटरचं नाव आठवत नाही.

मुलांत दोन तट पडले. मुलगे म्हणत होते, कंपनीचा लाल रंग द्यायचा तर अक्षरं जाणार, नियम म्हणजे नियम. अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, मूळ म्हणजे कुठलं मूळ? कांदिवलीत हा ट्रॅक्टर काही दिवस असेल. आप्पांच्या घरात तो पन्नासएक वर्षं आहे. कंपनीने असे पुष्कळ ट्रॅक्टर बनवले, ही अक्षरं मात्र एकाच ट्रॅक्टरवर आहेत.

मग तिनेच तोडगा काढला. घासण्याआधी बटर पेपर लावून अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतली, कमळासकट, जिथे रंग उडाला होता तिथे तुटक रेघ. बोनेटला लाल रंग दिला आणि त्यावर तोच कागद ठेवून अक्षरं पुन्हा काढली. कागद वहीत डकवला आहे. शेजारी लिहिलं आहे की ही अक्षरं आम्ही काढली आहेत, पेंटरची खरी अक्षरं खाली होती, ती आम्ही घासली. म्हणून नियमात 'मूळचं तसंच' असं न लिहिता 'जे बदललं त्याची नोंद' असं लिहावं असं मला वाटतं.

अक्षरवेल

मी या धाग्यावर फक्त वाचत होते, पण वरचा प्रतिसाद वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझे वडील पाट्या रंगवायचे. ट्रक, ट्रॅक्टर, दुकानं, निवडणुकीच्या भिंती. अशा कामावर ते कधी सही करत नसत. फ्लेक्स आल्यावर काम बंद झालं. त्यांच्या हातचं आज आमच्याकडे काहीच नाही, फक्त ब्रश आहेत.

त्या मुलीला एक सांगा. जुने पेंटर आधी दोरीला खडूची भुकटी लावून पत्र्यावर टिचकी मारून सरळ रेघ पाडायचे, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढायचे. आधी अक्षरांची अंगं, मग वरून एका दमात रेघ. तिने शिरोरेघ आधी काढली असेल तर पुढच्या वेळी उलटं करून बघायला सांगा. अक्षर लटकल्यासारखं दिसेल, बसल्यासारखं नाही. हे वहीत लिहिलं गेलं तर मला खूप बरं वाटेल.

सरळमार्गी

सगळं छान आहे, पण एक प्रश्न पालक म्हणून विचारतो. नववी-दहावीच्या मुलाने दर रविवारी पान्हा धरला तर अभ्यासाचं काय? आमच्या गावात आधीच शिकलेली पोरं गॅरेजमध्ये बसली आहेत. आणखी मेकॅनिक तयार करायचेत का? सीईटी देणाऱ्या मुलांना याचा उपयोग काय, हे कुणीतरी सांगा. राग नको, मनात आहे ते लिहिलं.

पाबळची_वाट

@सरळमार्गी, तुमची काळजी खरी आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. ते स्वतः अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे पीएचडी, मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून ते या दुष्काळी गावात आले. हाताने काम करता करता शिकणं हीच शिकण्याची नैसर्गिक पद्धत आहे, हे त्यांचं म्हणणं होतं. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय राज्यातल्या कित्येक शाळांत पोहोचला. जीपच्या भागांवर 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही तिथे बनला होता. आणि २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा) आली तीही पाबळलाच.

मी त्या पद्धतीने शिकलेल्या शाळेतला. वेल्डिंग शिकलो, बांधकामाची पातळी काढायला शिकलो आणि आज मी बँकेत आहे. वेल्डिंगचा बँकेत उपयोग होत नाही. पण समोर आलेली अडचण खोलून बघायची, घाबरायचं नाही, ही सवय तिथली आहे. आणि ज्याला याच वाटेने जायचंय त्याच्यासाठी आयटीआयला 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा एक वर्षाचा ट्रेड आहेच. सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात आहे. पुढे अभियांत्रिकीला गेला तर एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची 'तिफण' स्पर्धा आहे, शेतीयंत्रं बनवण्याची. शाळेच्या वयात मात्र असं काही नाही, आणि या धाग्यात मला तीच जागा भरताना दिसते.

सरळमार्गी

पटलं. विशेषतः घाबरायचं नाही हे. माझा मुलगा मिक्सरचा प्लग बदलायलाही घाबरतो, आणि तो घाबरावा असं आम्हीच त्याला वाढवलंय. शाळेत बोलून बघतो.

शिवारफेरी

आज एका विद्यार्थिनीला माझ्या खात्यावरून लिहायला सांगतोय. अकरावीत आहे, बोनेटची अक्षरं तिनेच काढली. पुढचं तिचं, मी एकही शब्द बदललेला नाही.

"सर्वांना नमस्कार. शिरोरेघेबद्दल ज्या ताईंनी लिहिलं त्यांचे आभार. मी आधीच काढली होती. म्हणूनच 'भवानी'मधला भ वर चिकटल्यासारखा दिसतो, मला कळत नव्हतं काय चुकलं. आता वहीत लिहिलंय.

एक चूक दादांनी लिहिली नाही ती मी लिहिते. आम्ही रंग देऊन झाल्यावर एअर काढली. पंपाच्या वायसर जुन्याच तांब्याच्या वापरल्या होत्या, त्या गळत होत्या. डिझेल खाली उतरलं आणि उजव्या बाजूचा नवा रंग सुरकुतला. रंग सगळ्यात शेवटी द्यायचा. आणि तांब्याच्या वायसर जुन्या वापरायच्या असतील तर आधी गॅसवर लाल तापवून पाण्यात टाकायच्या, त्या मऊ होतात, असं मिस्त्री बाबांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आम्ही विचारलंच नव्हतं.

मिस्त्री बाबा लिहीत नाहीत. त्यांना सगळं कानाने कळतं. ते मोठा स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून दांडा कानाला लावतात आणि सांगतात कुठलं टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजतंय. मी पण लावून पाहिला. पहिल्यांदा सगळे आवाज एकत्र आले. चौथ्या रविवारी मला दुसऱ्या सिलिंडरचं एक टॅपेट वेगळं ऐकू आलं. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहिलं तर खरंच सैल होतं. त्या दिवशीचं पान मी दोनदा लिहिलंय, कारण पहिल्यांदा अक्षर खराब आलं."

टॅपेट

बाळा, ३४ वर्षं या धंद्यात काढून सांगतो, चार रविवारांत कानाला टॅपेट कळणं ही लहान गोष्ट नाही. मी हे कारखान्यात शिकलो तेव्हा मला वर्ष लागलं होतं. परीक्षकांची गरज असेल तर मला बोलवा. औंधहून येईन, जाण्यायेण्याचा खर्च माझा मी करीन.

दोन_पिस्टन

माझा 'कारखान्यातून आला तसाच' हा हट्ट मी मागे घेतो. जे बदललं त्याची नोंद, हाच नियम ठेवा. आमचा झेटर पाच वर्षांपूर्वी विकला, नाहीतर पहिली नोंदणी मीच केली असती.

ओतूरची_पेठ

उशिरा वाचतेय. जुन्नर तालुक्यातून लिहिते. वडिलांचा स्वराज ७२४ गोठ्याच्या मागे उभा आहे. स्वराज म्हणजे आपल्याच देशात, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत आराखडा झालेला ट्रॅक्टर, १९७४ साली बाजारात आला, असं बाबा अभिमानाने सांगायचे. आमचा नंतरचा. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. भाऊ म्हणतो विकून टाकू. माझं मन होत नव्हतं. हा धागा वाचून काल भावाशी बोलले, तो शाळेला द्यायला तयार आहे. कागदपत्रं आहेत. चाकं जमिनीत रुतलीत आणि सीटखाली मुंगसाचं बीळ आहे. चालेल का? आणि देण्याआधी धुऊन ठेवू का?

शिवारफेरी

ताई, चालेल काय, धावेल. कृपा करून धुऊ मात्र नका. झाडूही मारू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, नंबरपट्टीचा जवळून काढा आणि टूलबॉक्स उघडून आत जे असेल ते तसंच राहू द्या. आमच्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून खडूने कुळवणीच्या तासांचा हिशोब लिहिलेला होता. सायलेन्सरवर मात्र आजच एक डबा उलटा घाला, वळीव कधीही येईल.

पुढच्या रविवारी मी आणि मिस्त्री ओतूरला येतो. तुमच्या शाळेतली दोन-तीन मुलं तिथे असतील असं बघा, आणि त्यांना येताना २०० पानी एक वही आणायला सांगा.